उसात राबते ती, नोंदीत मात्र नाही



आडसाली ऊस 16 ते 18 महिने रानात उभा असतो. या काळात घरच्या बाईच्या हातून कोणती कामे होतात, त्याचा हिशेब मांडून पाहू.

1) लागण : बेणे सोलणे, टिपऱ्या मांडणे.
2) नांग्या भरणे, खुरपणी.
3) खोडवा : पाचट सरीत लावणे, बुडखे मोकळे करणे.

एकरी 40 हजार ऊस आणि सरासरी दीड किलो वजन धरले तर 60 टन होतात. पण नांग्या वेळेवर भरल्या तरच हे गणित जमते आणि त्या भरते बाई. ही वाकून करायची, चिकाटीची कामे. समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 साली झाला, तरी बाईची हजेरी गड्यापेक्षा कमीच दिली जाते.

शिकवणीचेही तेच. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डॅझिम घालून बेणे 10 ते 15 मिनिटे बुडवावे, हे आम्ही मेळाव्यात सांगतो. ऐकतो पुरुष आणि बेणे बुडवते ती. मग प्रक्रिया अर्धवट राहिली तर दोष कुणाचा?

आता नावाचे पाहू. सातबारावर नाव नाही, म्हणून ती उत्पादक सभासद नाही. सभासद नाही, म्हणून सभेत मत नाही. बिलही तिच्या खात्यावर येत नाही. धनी अचानक गेला तर वारसनोंद होईपर्यंत तिने पिकवलेल्या उसाच्या बिलासाठी तिलाच हेलपाटे घालावे लागतात.

यावर वाट आहे. 1986 साली चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे मोठे अधिवेशन झाले. पुढे शरद जोशी यांच्या हाकेवरून लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून पत्नीच्या नावे जमीन केली. शासनाच्या लक्ष्मी मुक्ती योजनेतही पतीने स्वखुशीने तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज दिल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. मुलींना तर वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलाइतकाच हक्क आहे. तेव्हा बहिणीकडून हक्कसोडपत्र घेताना तिला आधी नीट समजावून सांगावे.

कुणी म्हणेल, घर एकच, नाव कशाला वेगळे? घर एकच असेल, तर दोन नावे लावायला हरकत कसली?

तरी सभासदांनी यंदा मेळाव्याला जोडीने यावे व ऊसनोंदीपूर्वी सातबारा एकदा घरात वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी