डब्यासाठी घरच्या ज्वारीच्या लाह्या



बाजारात मिळतो तसा फुललेला गहू घरी करून पोरांच्या डब्यात देता येईल का? गहू कढईत खमंग भाजतो, पण तसा फुलत नाही. कारखान्यात तो बंद यंत्रात तापवून दाब एकदम सोडतात. कुकरमध्ये असला प्रयोग अजिबात नको. आपल्या वाशी भागात ज्वारी घरात असतेच, आणि नागपंचमीच्या लाह्या काही नव्या नाहीत. त्याच करू.

*ज्वारी खाण्याच्या पोत्यातलीच घ्या.* पेरणीतून उरलेलं बियाणं कधीच नको. काणीसाठी त्याला किलोमागं 4 ग्रॅम गंधक चोळलेलं असतं, विकतच्या बियाण्याला बऱ्याचदा कीटकनाशकही असतं. धुऊन किंवा भाजून ते खाण्याजोगं होत नाही. असलं बियाणं कोंबड्यांनाही टाकू नका.

दाणा फुटतो तो आतल्या ओलाव्याची वाफ होऊन. जुनी, फार वाळलेली ज्वारी म्हणूनच नुसती करपते. पाणी उकळून खाली उतरवा, त्यात ज्वारी पाच मिनिटं ठेवून उपसा आणि सुती फडक्यात रात्रभर बांधून ठेवा. सकाळी सावलीत पसरा. दाणा वरून कोरडा झाला, हाताला चिकटेना, की झालं. लोखंडी कढई चांगली तापवून एका वेळी एकच मूठ टाका, फडक्याच्या बोळ्यानं हलवत राहा. जास्त टाकली की कढई निवते आणि गणंग वाढतात.

मालदांडीच्या लाह्या होतात, पण गणंग राहतातच. खास लाह्यांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले पंचमी' हा वाण आहे. बांधाकडेच्या चार ओळी लावून बघायला हरकत नाही.

गणंग चाळून काढा, दाताखाली आला तर दात दुखावतो. थोड्या तेलात कढीपत्ता, हळद, शेंगदाणे, डाळवं परतून गॅस बंद करा, मगच लाह्या घाला. नुसत्या लाह्यांनी पोट भरत नाही, दाणे-डाळव्यानं आधार होतो. भाकरी-भाजीचा डबा वेगळा द्यायचाच, हे मधल्या सुट्टीचं खाणं.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरल्या तर वाफ धरून मऊ पडतात. भाजीच्या कप्प्याशेजारी नको. वर्तमानपत्रात बांधू नका, छपाईची शाई खाण्याला लागते. अगदी लहान लेकरांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट घाला.

मऊ पडल्याच, तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परता.