एका अंशाची गोष्ट

चाकणच्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये काम करतो. आमच्याकडे शिफ्ट म्हणजे फर्स्ट, सेकंड आणि नाइट. सहा वर्षांपूर्वी वापरलेली २४ मिमीची टिल्ट-शिफ्ट लेन्स घेतली आणि घरात त्या शब्दाला दुसरा अर्थ आला. नाइट सुटली की कधी इंद्रायणीकाठी, कधी भंडारा डोंगरावर, कधी भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी जातो. तिथे जे उमगलं ते असं.

१. लेन्स झुकवायची असते ती अगदी थोडी. माझी लेन्स साडेआठ अंशांपर्यंत झुकते, म्हणून सुरुवातीला मी पाच-सहा अंश झुकवत राहिलो. दोन महिने एकही फोटो धड आला नाही. मग हिशेब कळला. लेन्सची फोकल लांबी भागिले जमिनीपासून लेन्सची उंची, ही जमीन स्पष्ट यायला लागणाऱ्या टिल्टच्या कोनाची साइन. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर कोन येतो ०.९ अंश. अर्ध्या मीटरवर आणला तरी पावणेतीनच. हे कागदावर मांडलं आणि माझा हात थांबला, कारण हा तर आमचा साइन बार! स्लिप गेज रचून कोन लावण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि गेटबाहेर पडल्यावर तेच गणित मला ओळखता आलं नव्हतं. त्या दिवशी मनातल्या मनात टूलरूमला नमस्कार केला.

२. सगळं स्पष्ट होत नाही; स्पष्ट होते ती एक पातळी. टिल्ट दिल्यावर ही पातळी कॅमेऱ्याखाली बिजागरी लावल्यासारखी असते. फोकसची रिंग फिरवली की ती पेटीच्या झाकणासारखी वरखाली होते. ऑस्ट्रियाच्या लष्करातल्या थिओडोर शाइमफ्लुग यांनी हा नियम १९०४च्या पेटंटमध्ये मांडला. त्यांना देखावे टिपायचे नव्हते, हवेतून घेतलेल्या तिरक्या फोटोंवरून नीट नकाशे करायचे होते. पातळीभोवतीचा स्पष्ट भाग पाचरीसारखा असतो, जवळ पातळ आणि लांब जाडजूड. कांद्याचं सपाट शेत या पाचरीत अलगद बसतं. पायाजवळच्या मातीच्या ढेकळापासून मागच्या भामचंद्रापर्यंत सगळं लख्ख येतं. पण बांधावरचा एरंड? बुंधा स्पष्ट, शेंड्याची पानं धूसर. कितीतरी वेळा मी लेन्सला दोष दिला. दोष जागेच्या निवडीचा होता.

३. बहुतेक सकाळी टिल्टची गरजच नसते, हे मान्य करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. साधी २४ मिमी लेन्स एफ/११ वर ठेवून पावणेदोन मीटरवर फोकस केला, तर सुमारे नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत चालेल इतकं स्पष्ट मिळतं. टिल्टचा खरा उपयोग त्याहून जवळ जायचं असेल तेव्हा, किंवा वारा सुटल्यावर. कांद्याची पात क्षणभर स्थिर राहत नाही. एफ/१६ऐवजी एफ/५.६ वापरता आलं की आठपट प्रकाश मिळतो, आणि तेवढ्यात पात गोठते.

४. शिफ्ट दिल्यावर, म्हणजे लेन्स सरकवल्यावर, कॅमेऱ्याचं मीटर चुकतं. आधी एक्स्पोजर ठरवायचं, मग सरकवायचं.

५. कॅमेरा वर न झुकवता वरचं पाहता येतं, हे सुख टिल्टपेक्षा मोठं. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातला ध्वजस्तंभ १०७ मीटरचा आहे. कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवून १२ मिमीची पूर्ण शिफ्ट दिली, की आडव्या फ्रेममध्ये क्षितिज खालच्या काठाला जातं आणि नजर वर ४५ अंशांपर्यंत पोचते. म्हणजे स्तंभाच्या उंचीइतक्याच अंतरावर, थोडं मागे उभं राहायचं. टोक मावतं आणि खांब पडतोय असं वाटत नाही. हीच शिफ्ट मी बरीच वर्षं लपवाछपवीसाठी वापरली. फ्रेम वर सरकवायची, खालचे पत्र्याचे शेड आणि कंटेनरच्या रांगा कापायच्या, आणि फक्त डोंगर दाखवायचा. एकदा असा फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, "हे आपलं चाकण नाही रे." ज्या शेडनी माझं घर उभं केलं, ते मी देखाव्यातून पुसत होतो. आता ते फ्रेममध्ये असतात, आणि त्यांचे खांब सरळ उभे असतात.

६. उलटं टिल्ट देऊन खऱ्या रस्त्याची खेळण्यातली गाडी-गाडी करता येते. नाशिक फाट्याचा पूल आणि तळेगाव रस्त्यावरच्या ट्रकच्या रांगा मीही तशा काढल्या. लोकांना आवडल्या. त्या ट्रकांतली माणसं दोन-दोन रात्री स्टीअरिंगवर झोपतात. मी ते फोटो काढणं सोडलं.

७. भामचंद्राच्या वाटेवरच्या ज्या शेतात मी टिल्ट शिकलो, तिथे आता पत्र्याचं कंपाउंड आहे. शेतकरीदादांना मी मोठी प्रिंट दिली होती. ती त्यांच्या ओसरीत लावलेली आहे. तुमच्याही गावाबाहेर एखादं शेत अजून उभं असेल, तर या हिवाळ्यात पहाटे तिथे जा. लेन्स कुठलीही चालेल.