मूल खोटे बोलते तेव्हा

गोरेगावात माझ्याकडे पालक तक्रार आणतात, "साहेब, पोरगं लई खोटं बोलतंय. मारलं तरी ऐकत नाही." मला वाटते, मारल्यामुळेच ऐकत नाही. टाल्वर व ली या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छडीच्या शाळेतील तीन-चार वर्षांची मुले जास्त खोटे बोलली, तेही सफाईने!

फुटलेला काच ग्लास समोर दिसत असताना "कोणी फोडला?" असे विचारू नका. "फुटला, आता आपण काचा गोळा करू," म्हणा. तापट, चंचल मुलाच्या तोंडून "मी नाही" हे विचाराआधीच निघते. पाच मिनिटांनी पुन्हा विचारा. खरे सांगितले तर शाबासकी द्या, भरपाई मात्र करून घ्या. सोबत चोरी, मारामारी, शाळा बुडवणे असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.