हाडांबाहेरच्या नसा

मेंदूभोवती कवटी, मज्जारज्जूभोवती पाठीचा कणा, आत तीन आवरणे आणि धक्के झेलणारे पाणी: एवढा बंदोबस्त! पण मज्जारज्जूतून निघालेल्या नसांच्या 31 जोड्या पुढे हाडांच्या कवचाबाहेर पडतात. कोपर आपटले की झिणझिण्या येतात, ती अशीच उघडी नस. कुष्ठरोगाचे जंतू नेमके तिथे शिरतात. त्यांना शरीराचा थंड भाग मानवतो. मग चुलीचा चटका, पायातला काटा कळत नाही. बोटे झडतात ती बहुधा अशा न कळलेल्या जखमा चिघळून. औषधाने 6 ते 12 महिन्यांत रोग बरा होतो, मेलेली नस मात्र सहसा परत येत नाही. पाड्यावर कुणाच्या अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर त्याला लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे. औषध मोफत मिळते.