विवाह समुपदेशक : फी किती, ओळख किती?

तालुक्याच्या गावात विवाह समुपदेशक शोधताना पहिली अडचण फीची नसते, ओळखीची असते. वाईसारख्या ठिकाणी कुणाच्या दारात कुणाची गाडी उभी आहे, हे पानवाल्यालाही ठाऊक असतं. समुपदेशक बाई सासूबाईंच्या भिशीतल्याही निघू शकतात. म्हणून पैशांच्या आधी ओळखीचा हिशेब करा.

फोनवरच विचारा

‘आमचं आडनाव अमुक, घर अमुक आळीत. आमच्यापैकी कुणी तुमच्या परिचयाचं आहे का?’ जाणकार व्यक्ती कारण न सांगता म्हणेल, ‘तुम्ही दुसरीकडे गेलात तर बरं.’ उलट ‘हो, तुमच्या नणंदबाई माझ्याकडेच येतात ना!’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवून द्या. उद्या तुमचीही गोष्ट अशीच तिसऱ्याला कळेल. दोन भेटींमध्ये थोडा वेळ मोकळा ठेवतात का, हेही विचारा. म्हणजे बाकावर शेजारीण भेटायची नाही.

पाटीवर जाऊ नका

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तिचा क्रमांक मागा. समुपदेशकाकडे मानसशास्त्र किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आहे का, जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण झालंय का, ते पाहा. दारूचं व्यसन, नैराश्य किंवा टोकाचा संशय असेल तर मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवा. औषधं डॉक्टरच देऊ शकतात.

खर्चाचा हिशेब

समजा, एका भेटीची फी १,००० रुपये आणि भेटी आठ : ८,००० रुपये. जिल्ह्याच्या गावी जायचं, तर दोघांचा प्रवास आणि चहापाणी मिळून दर वेळी ३०० रुपये धरा : २,४०० रुपये. एकूण १०,४००. बुडालेला रोज किंवा रजा वेगळी. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढी बचत. गावातच गेलात तर हे २,४०० वाचतात खरे, पण खासगीपणासाठी ही रक्कम महाग नाही. ऑनलाइन भेटीतही ती वाचते. मात्र दार लावून बसता येईल अशी खोली हवी.

ठरवण्यापूर्वी हे विचारून घ्या :

- दोघांची एकत्र फी वेगळी आहे का? भेट ६० मिनिटांची की ९०?
- ऐनवेळी रद्द केली तर पैसे जातात का?
- मधल्या फोनचे पैसे पडतात का?
- दहा भेटींचं पॅकेज आगाऊ घ्यावंच लागतं का? लागत असेल तर नको म्हणा.

पैसे न लागणारे मार्ग

- टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६ : चोवीस तास, मोफत, मराठीतही.
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरण : कोर्टात जाण्याआधी मध्यस्थी करतं. इथे तडजोड होते. मनावरचे उपचार नव्हेत.
- कौटुंबिक न्यायालय : दावा दाखल असेल तर तिथले समुपदेशक.

मारहाण होत असेल तर

दोघांनी शेजारी बसून बोलण्याची ही वेळ नव्हे. समोर बोललेलं घरी गेल्यावर अंगाशी येऊ शकतं. आधी १८१ किंवा ११२ वर फोन करा. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली (२००५) संरक्षण अधिकारी मदत करतात. पोलिसांसोबत काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने असा पहिला कक्ष १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला.

तिसऱ्या भेटीनंतर

दोघांनाही बोलायला सारखा वेळ मिळतो का? घरी करून पाहण्यासारखं काही हाती लागलं का? नुसतं ‘बाईनंच थोडं सोसावं’ ऐकायला मिळत असेल, तर तो सल्ला आत्या-मावश्या फुकट देतात. समुपदेशक बदला. पैसे आगाऊ भरलेले नसले, की बदलताना जीव अडकत नाही.