नामानाची दोन खेचरे माती

सामान्य काळातील अठ्ठाविसाव्या रविवारी, ‘क’ वर्षात, पहिल्या वाचनात आपण नामानाची गोष्ट ऐकतो (२ राजे ५:१४-१७). २०२५ साली हे वाचन १२ ऑक्टोबरला आले होते. नामानाचे कुष्ठ गेले एवढे सर्वांच्या लक्षात राहते. पण परत निघताना हा अरामी सेनापती अलीशा संदेष्ट्याकडे काय मागतो? दोन खेचरांवर मावेल एवढी माती!

परमुलखातून आणलेल्या आठवणीच्या वस्तूंविषयी पवित्र शास्त्रात याहून बोलका उतारा आम्हांला तरी माहीत नाही. म्हणून आज तोच अभ्यासासाठी घेऊ.

नामान सोने, रुपे आणि दहा पोशाख घेऊन आला होता. अलीशाने काहीच घेतले नाही. उलट नामानच माती मागतो, कारण त्या काळी देव हा त्या त्या भूमीचा मानला जाई. दिमिष्कात गेल्यावर इस्राएलच्या देवाची उपासना इस्राएलच्याच मातीवर करावी, असा त्याचा साधा विचार. अलीशा त्याला हसत नाही, शिकवतही बसत नाही. शांतीने जा म्हणतो. याच भेटीची आठवण अलीशाचा चाकर गेहजी यानेही मिळवली. तो नामानामागे धावला, खोटे बोलून रुपे आणि दोन पोशाख घेऊन आला आणि त्याबरोबर नामानाचे कुष्ठही त्याच्या अंगाला चिकटले.

आपल्या कर्जत-खालापूर भागातून पवित्र भूमीला जाऊन आलेली घरे फार नाहीत, पण आहेत. कोणी निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून गेले, कोणाला आखातातल्या मुलाने तिकीट काढून दिले. येताना पिशवीत वस्तू बहुधा ठरलेल्या: यार्देनच्या पाण्याची बाटली, बेथलेहेमच्या ऑलिव्ह लाकडाची रोझरी, जेरुसलेमला प्रभूच्या कबरेच्या मंदिरातील शिळेवर टेकवून आणलेला रुमाल.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. आषाढातली उल्हास नदी पाहिलेल्या माणसाला यार्देन ओढ्याएवढी वाटते. इस्राएल, जॉर्डन आणि सीरिया या देशांनी पाणी वळवल्यामुळे गालील सरोवराच्या खाली तिचा मूळ प्रवाहाच्या दहावा हिस्साही उरलेला नाही, आणि जे उरले त्यात सांडपाणी मिसळते. या नदीत बुडी मारायला सांगितल्यावर नामानालाही रागच आला होता. आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट, असे तो म्हणाला. सात बुड्या त्याने मारल्या, पण पाणी भरून नेले नाही, हेही लक्षात घ्या.

तेव्हा स्पष्टच सांगतो: हे पाणी आजाऱ्याला पाजू नये. सलाईनवर असलेल्या आजीच्या तोंडात दोन वर्षांपूर्वीच्या बाटलीतले पाणी घालणारी माणसे ते प्रेमानेच करतात, हे आम्ही जाणतो. पण अशक्त शरीराला त्याने अपाय होऊ शकतो. त्या पाण्याने कपाळावर क्रूस काढा, खाटेवर शिंपडा. औषध बंद करू नका, आणि धर्मगुरूंना वेळेवर बोलवा. अशा पवित्र केलेल्या वस्तू सात संस्कारांप्रमाणे कृपा देत नाहीत, प्रार्थनेच्या द्वारे ती स्वीकारायला आपल्याला तयार करतात, असे चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (परिच्छेद १६७०). आजारी माणसासाठी तैलाभ्यंगाचा संस्कार आहे. बाटली त्याची जागा घेऊ शकत नाही.

वस्तूची ओढ माणसाला कुठवर नेते! चौथ्या शतकात जेरुसलेमला गेलेल्या एगेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने लिहून ठेवले आहे की, पवित्र क्रुसाच्या लाकडाचे चुंबन घेताना एकाने म्हणे त्याचा तुकडाच चावून पळवला, म्हणून पुढे भोवती पहारा ठेवू लागले. आपल्याकडे कोणी चावत नाही. पण आई गेल्यावर तिची बेथलेहेमची रोझरी कोणाकडे राहायची, यावरून भावंडे अबोला धरतात.

ती रोझरी कुठून येते? बेथलेहेम आणि बेत साहूर येथील ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यानपिढ्या हे लाकूडकाम करीत आली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले, यात्रेकरू यायचे थांबले आणि त्यांच्या अनेक कारखान्यांना कुलपे लागली. घरी अशी रोझरी असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा आणि तिच्यावर एक दशक तरी त्या घरांसाठी म्हणा. ओवणी तुटली तर दोरा बदलता येतो.

यहोशवाने यार्देनच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणवले, ते पुढे मुलांनी ‘हे धोंडे कशाचे?’ असे विचारावे म्हणून (यहोशवा ४). जे जाऊन आले, त्यांना नातवंडांनी आजच विचारावे: कुठे काय पाहिलेत, कुठे डोळ्यांत पाणी आले? सांगणारा आहे तोवर हे विचारून घ्यावे.

पाणी गढूळ झाले असेल तर मोरीत ओतू नका. अंगणातल्या झाडाच्या मुळाशी, स्वच्छ मातीत सोडा. दुरुस्त न होणारी रोझरी जाळून तिची राखही तिथेच पुरा.