दूरध्वनीवरील फसवणूक : कुटुंबाचे आणि गावाचे संरक्षण

ग्रामीण जीवनात गेल्या काही वर्षांत जे बदल घडून आले, त्यांत भ्रमणध्वनीचा प्रसार हा एक महत्त्वाचा बदल होय. निवृत्तिवेतन, पीक विम्याची भरपाई, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, बचत गटाचे कर्ज, किसान सन्मान निधीचा हप्ता या सर्व रकमा आज थेट बँक खात्यात जमा होतात आणि त्या खात्याची किल्ली बहुधा खिशातील भ्रमणध्वनीतच असते. या सोयीमुळे तालुक्याच्या ठिकाणी घालावे लागणारे हेलपाटे वाचले, मध्यस्थांची साखळी तुटली. परंतु ज्या वाटेने पैसा घरात येतो, त्याच वाटेने तो घराबाहेर नेण्याची विद्या भामट्यांनीही आत्मसात केली आहे.

या संकटाची व्याप्ती लहान नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर फसवणुकीमुळे नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये, तर २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. म्हणजे एका वर्षात हानी तिपटीहून अधिक झाली. यांत मुलीच्या लग्नासाठी साठविलेला पैसा आहे, भविष्य निर्वाह निधीची आयुष्यभराची पुंजी आहे आणि पेरणीसाठी काढलेले कर्जही आहे. म्हणूनच या विषयाचा विचार केवळ पोलिसांवर सोपवून चालणार नाही. कुटुंब, शाळा व ग्रामपंचायत या तिन्ही ठिकाणी त्याचा अभ्यास झाला पाहिजे.

कुलूप फोडले जात नाही, उघडविले जाते

सर्वसामान्य समजूत अशी आहे की, हे गुन्हेगार यंत्रविद्येत निष्णात असतात व बँकेची यंत्रणा भेदून पैसे काढून घेतात. वस्तुस्थिती बहुतेक प्रकरणांत निराळी असते. बँकेचे कुलूप शाबूत असते, मात्र खातेदाराकडूनच ते उघडवून घेतले जाते. कोणी एकदाच वापरावयाचा सांकेतांक, म्हणजे ओटीपी, सांगून बसतो. कोणी समोरच्याच्या सांगण्यावरून आपला यूपीआय पिन टाकतो, तर कोणी बँकेत जाऊन स्वहस्ते रक्कम पाठवितो. त्यामुळे या फसवणुकीचा अभ्यास करावयाचा तो यंत्राचा नव्हे, तर माणसाच्या मनाचा केला पाहिजे.

असे प्रकार बारकाईने पाहिले असता त्यांत तीन साधने पुनःपुन्हा आढळतात. पहिले साधन भय अथवा लोभ, दुसरे घाई आणि तिसरे एकांत. भय किंवा लोभ मनाचा ताबा घेतो, घाई विचाराला अवसर देत नाही आणि एकांतामुळे सल्ला देणारे माणूस दूर राहते. बाह्य रूपे कितीही बदलली तरी हे त्रिकूट बदलत नाही. ते ओळखता आले की उद्या निघणारी नवी युक्तीही ओळखता येते.

प्रचलित प्रकार

महावितरणच्या नावाने येणारा संदेश हा याचा परिचित नमुना होय. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत झाले नसल्याने आज रात्री आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, त्वरित अमुक क्रमांकावर संपर्क साधावा’ असा त्याचा मजकूर असतो. संपर्क साधताच पलीकडील व्यक्ती एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगते. त्या ॲपमुळे आपल्या भ्रमणध्वनीचा पडदा त्या व्यक्तीस दिसू लागतो व बँकेचे सांकेतांकही तिच्या हाती पडतात. अशा संदेशांपासून सावध राहण्याचे आवाहन महावितरणने वेळोवेळी केलेले आहे.

दुसरा प्रकार लाभाच्या योजनांचा. कोणतीही योजना लोकप्रिय झाली की तिच्या नावाने बनावट संकेतस्थळे व ‘एपीके’ या प्रकारच्या फाइली फिरू लागतात. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हाही बनावट संकेतस्थळांबाबत लाभार्थी महिलांना सावध करावे लागले. लग्नाची पत्रिका, वाहतूक दंडाचे चलन, किसान सन्मान निधीची यादी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल उघडली, तर भ्रमणध्वनीवर येणारे संदेश परस्पर तिसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. एखाद्या परिचिताच्या क्रमांकावरून ती फाइल आली म्हणून ती विश्वसनीय ठरत नाही, कारण त्याचाच भ्रमणध्वनी आधी बाधित झालेला असू शकतो.

तिसरा प्रकार यूपीआयचा. ‘तुम्हांला पैसे पाठवितो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगितले जाते. येथे एकच नियम पाठ असावा : पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

निवृत्त कर्मचारी व शिक्षक यांना हयातीच्या दाखल्याच्या नावाने दूरध्वनी येतात. ‘दाखला नोंदला गेला नाही, निवृत्तिवेतन थांबेल, ओटीपी सांगा’ अशी त्यांची भाषा असते. निवृत्तीची तारीख, पदनाम असा काही तपशील बोलणाऱ्यास आधीच ठाऊक असतो, म्हणून विश्वास बसतो. परंतु माहिती असणे हा अधिकाराचा पुरावा नव्हे.

‘डिजिटल अरेस्ट’ : कायद्यात नसलेली अटक

या सर्वांत क्रूर प्रकार म्हणजे तथाकथित ‘डिजिटल अरेस्ट’ होय. ‘आपल्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ किंवा ‘आपल्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते उघडले आहे’ असे प्रथम सांगितले जाते. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशधारी ‘अधिकारी’ अवतरतो, न्यायालयाच्या शिक्क्याचे कागद दाखवितो व ‘कॉल बंद करावयाचा नाही, घरात कोणालाही सांगावयाचे नाही’ असे बजावतो. कित्येक वृद्ध नागरिक अशा रीतीने स्वतःच्याच घरात दिवसेंदिवस कोंडून घेऊन बसले आणि ‘पडताळणीसाठी’ म्हणून आपल्या ठेवी मोडून देते झाले.

याबाबत कायदा अगदी स्पष्ट आहे. दूरध्वनीवरून अथवा व्हिडिओवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२ अन्वये अटक झालेल्या व्यक्तीस अटकेची कारणे कळविणे, तिला वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक झाल्याची माहिती नातेवाइकांना अथवा आप्तांना द्यावी लागते. ‘घरात सांगू नका’ असे म्हणणारा मनुष्य म्हणूनच पोलीस असू शकत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’ या कार्यक्रमात या प्रकाराविषयी देशाला सावध केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविला.

पहिल्या तासाचे मोल

फसवणूक झालीच तर काय करावे, हे प्रत्येक घरात आधीच ठाऊक असले पाहिजे. पैसे प्रथम ज्या खात्यात जातात ते बहुधा भाड्याने घेतलेले खाते असते. तेथून काही मिनिटांतच ते अनेक खात्यांत वाटले जातात व एटीएममधून काढले जातात. शेतातले पाणी बांध फुटल्यावर जसे चहूकडे पसरते, तसाच हा प्रकार होय. बांध जितक्या लवकर घालावा तितके पाणी वाचते.

त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. येथे दूरध्वनी करताना खाते कोणत्या बँकेचे, रक्कम किती, व्यवहाराचा क्रमांक व वेळ कोणती, एवढी माहिती हाताशी ठेवावी. तक्रार नोंदली जाताच संबंधित बँकेला सूचना जाते व रक्कम त्या खात्यात शिल्लक असल्यास ती रोखून धरली जाते. रक्कम पुढे गेली असल्यास सूचनाही पुढच्या बँकेकडे जाते. लोकसभेतील त्याच माहितीनुसार, २०२५ च्या मध्यापर्यंत या व्यवस्थेद्वारे १७ लाखांहून अधिक तक्रारींत ५,४८९ कोटींहून अधिक रुपये वाचविता आले. त्याच वेळी आपल्या बँकेस कळवून खाते व कार्ड बंद करवावे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर सविस्तर तक्रार नोंदवावी आणि संदेश, क्रमांक, पावत्या यांपैकी काहीही पुसून टाकू नये.

बँकेस त्वरित कळविण्यामागे आणखी एक कारण आहे. खातेदाराने स्वतःच गुप्त तपशील दिला असल्यास बँकेला कळवीपर्यंतची हानी त्याची आणि कळविल्यानंतर होणारी हानी बँकेची, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. विलंबाचा प्रत्येक तास म्हणूनच खातेदाराला महागात पडतो.

तरीही लोक विलंब का करतात? याचे उत्तर लज्जेत आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याकडे शहाणपणाची मानली जाते, परंतु येथे मूठ झाकून ठेवल्यानेच लाख जातात. शिकल्यासवरल्या माणसाने फसावे याची लाज वाटून तो गप्प राहतो आणि घरच्यांच्या रागाच्या धास्तीने वृद्ध माता-पिता चार दिवस बोलत नाहीत. फसलेल्या व्यक्तीस प्रथम दोष देणारे घर अप्रत्यक्षपणे भामट्याचेच काम सुकर करीत असते, हे ध्यानी घेतले पाहिजे.

कुटुंबाने पाळावयाची पथ्ये

१. पैसा, ओटीपी, पिन अथवा अटक यांविषयीचा कोणताही दूरध्वनी आल्यास तो तेथेच बंद करावा आणि घरातील दुसऱ्या एका व्यक्तीस सांगावे. दोघांनी विचार केल्याखेरीज पैसे हलवू नयेत.

२. खातरजमा करावयाची तर आलेल्या क्रमांकावर उलट दूरध्वनी करू नये. पासबुकावर, कार्डाच्या मागे अथवा वीज बिलावर छापलेला क्रमांकच वापरावा.

३. आता कृत्रिम साधनांनी आवाजाचीही नक्कल होऊ शकते. ‘अपघात झाला, पैसे पाठवा’ असे मुलाच्या आवाजात कोणी सांगितल्यास ओळख पटविण्यासाठी कुटुंबाने एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा.

४. ठेवी व निवृत्तिवेतनाचे खाते यूपीआयला जोडू नये. रोजच्या खर्चासाठी वेगळे खाते ठेवून त्यात थोडीच रक्कम असू द्यावी.

५. अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये व एपीके फाइल उघडू नये.

६. आपले बँक खाते किंवा सिम कार्ड कमिशनच्या आमिषाने कोणालाही वापरण्यास देऊ नये. तरुणांना हे विशेषत्वाने सांगावे, कारण चोरीचा पैसा ज्या खात्यातून गेला त्याचा धारक तपासाच्या कक्षेत येतोच.

कार्यालय, शाळा व ग्रामपंचायत

येथे शासकीय यंत्रणेनेही आत्मपरीक्षण करणे अगत्याचे आहे. काम लवकर उरकावे या सद्हेतूनेच, पण काही ठिकाणी लाभार्थ्यास दूरध्वनी करून ‘आलेला ओटीपी सांगा’ असे म्हटले जाते. ई-केवायसीसारखी कामे अशा रीतीने पार पडतात खरी, परंतु त्यातून शासनाच्या नावाने ओटीपी मागणाऱ्यास तो द्यावयाचा असतो, असा अनिष्ट धडा गावाला मिळतो. उद्या भामटा हाच धडा वापरतो. म्हणून ज्या कामास ओटीपी आवश्यक आहे, ते लाभार्थी समक्ष उपस्थित असतानाच करावे व दूरध्वनीवरून तो कधीही मागू नये. एवढी एक शिस्त पाळली गेली तरी ‘शासन फोनवर ओटीपी मागत नाही’ हे वाक्य गावात खरे ठरेल.

शिक्षकांना हा विषय वर्गात नाट्यीकरणाने सहज शिकविता येईल. एका विद्यार्थ्याने तोतया अधिकारी व्हावे, दुसऱ्याने आजोबा व्हावे आणि इतरांनी भय, घाई व एकांत ही तिन्ही साधने कोठे कोठे वापरली गेली ते वहीत टिपावे. मुले हा पाठ घरी नेतील व आजी-आजोबांपर्यंत पोहोचवितील.

ग्रामपंचायतीने १९३० हा क्रमांक कार्यालयाच्या, रास्त भाव दुकानाच्या व दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहवून घ्यावा. येत्या ग्रामसभेत वरील सहा पथ्यांचे वाचन करावे. ज्यांना तक्रार नोंदविता येत नाही त्यांना साहाय्य करण्यासाठी दोन-तीन जाणत्या व्यक्तींची नावे गावास कळवावीत. त्यांत एक महिला अवश्य असावी, कारण बचत गटातील भगिनी आपली अडचण तिच्यापाशी मोकळेपणाने सांगू शकतील.

भामट्यांचे मोठे बळ त्यांच्या यंत्रांपेक्षा माणसाला एकटे पाडण्याच्या त्यांच्या कसबात आहे. ज्या घरात वडीलधारी माणसे संशय आलेला दूरध्वनी मुलांना निःसंकोचपणे सांगतात आणि ज्या गावात फसलेल्या माणसाला टोमणा न मारता प्रथम १९३० लावून दिला जातो, तेथे हे कसब फारसे चालत नाही. असे घर व असे गाव घडविण्याचे कार्य शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी आपले मानून हाती घ्यावे.